शूर पायलट पाहिजेत (यातलं 'शूर' खोडलेलं आहे)

जून लागला की माझ्या आजोळी सगळ्यांचे हात रिकामे आणि तोंडं चालू असा प्रकार असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस, बोट वर ओढून झापांनी नि निळ्या प्लास्टिकने झाकलेली, आणि मामा ओटीवर बसून जाळं दुरुस्त करतोय. यंदा मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली पुण्याहून तीन आठवडे जाऊन बसलो होतो. देवगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावर गाव, नेटवर्क दोन कांड्या, त्याही विहिरीजवळच्या आंब्याखाली छत्री घेऊन उभं राहिलं तर, त्यामुळे वर्क किती झालं ते विचारू नका.

पण ही पोस्ट अंतराळाबद्दल आहे. खरंच.

तर झालं असं की एका संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलीच नाही. मामेभावाची दोन पोरं, थोरला सातवीत, धाकटी चौथीत. मोबाईलची बॅटरी संपल्यावर दोघं अर्धा तास भांडली, मग कंटाळली, आणि मग थोरल्याने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने जाहिरात लिहून ओटीच्या खांबाला चिकटवली:

"शूर पायलट पाहिजेत. स्वतःचे अंतराळयान असल्यास प्राधान्य. नकाशात नसलेल्या आकाशात जाऊन नवीन ग्रह शोधणे. पगार भरपूर. अपघात झाल्यास खाते जबाबदार नाही. अर्ज करा – अवकाश शोध खाते, देवगड शाखा."

मी वाचलं आणि खलास. म्हणजे मी लहानपणापासून या असल्याच गोष्टीची वाट बघतोय, आणि ती शेवटी कोणी काढली तर सातवीतल्या पोराने, कंदिलाच्या उजेडात. मी लगेच म्हटलं की मला पण घ्या, तर तो म्हणाला तू पायलट नको, तू विश्व हो. म्हणजे काय, तर कुठे काय आहे ते मी ठरवायचं. बढती म्हणायची की हकालपट्टी, अजून कळलेलं नाही.

मग मी विश्व झालो. आलेखाच्या कागदावर दहा बाय दहा, १०० चौकोन आखले, प्रत्येक चौकोनाची एक चिठ्ठी, बाहेर नंबर, आत काय आहे ते. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'काही नाही' लिहिलं. त्यावरून थोरला चिडला, म्हणे एवढं रिकामं कुठे असतं का. आता इथे मला बोलायला विषय मिळाला आणि मी सुटलो.

म्हटलं बाबा रे, मी उलट उदारपणा केलाय. आपल्या सूर्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे 'मित्र' (अल्फा सेंटॉरी) नावाच्या जोडताऱ्यांसोबतचा तो बारका तिसरा, प्रॉक्झिमा, तो ४.२४ प्रकाशवर्षं लांब. मध्ये काय? जवळजवळ काही नाही. व्हॉयेजर-१ आहे ना, ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलेलं, ज्याच्यावरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठी पण आहे, ते सेकंदाला साधारण १७ किलोमीटरने पळतंय, २०१२ च्या ऑगस्टमध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलं, आणि तरी त्या वेगाने प्रॉक्झिमाएवढं अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. सेकंदाला १७ किलोमीटर म्हणजे देवगड ते विजयदुर्ग समुद्रावरून सव्वा-दीड सेकंदात. आणि तरी ७५ हजार वर्षं. म्हणून खात्याच्या यानांना आम्ही 'उडी' मारायचं इंजिन दिलं, एका उडीत एक चौकोन, ते कसं चालतं विचारायचं नाही, तेवढी एकच थाप चालवून घ्यायची असं ठरलं.

"पण जवळपासचा सगळा तर नकाशात असतलाच ना?" थोरला. तर तेही नाही. गाया नावाची दुर्बीण होती, २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोडलेली, २०२५ मध्ये बंद केली, तिने जवळपास १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली. आणि आपल्या आकाशगंगेत तारे किती, तर कमीत कमी १० हजार कोटी, कोणी ४० हजार कोटी पण म्हणतात. म्हणजे शंभरात फार तर दोन झाले मोजून. आणि त्याहून भारी म्हणजे अगदी शेजारी, साडेसहा प्रकाशवर्षांवर, दोन तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेले गोळे, एकमेकांभोवती फिरतायत, लूमन १६ नाव त्यांचं, ते सापडले कधी? २०१३ ला! म्हणजे चंद्रावर माणसं जाऊन आली त्याला ४३ वर्षं होऊन गेली होती आणि तिसऱ्या घरात कोण राहतं ते माहिती नव्हतं. कारण ते स्वतः फार उजळत नाहीत, थंड, काळपट, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या गर्दीत दडलेले.

इथपर्यंत मामा गप्प होता. जाळ्याची सुई आत-बाहेर, आत-बाहेर. मग मान वर न करता म्हणाला, "त्या कागदावर शूर लिवलंस ना, ता खोड."

"कित्याक?"

"शूर कित्याक होयो? परत येणारो होयो."

थोरल्याने खोडलं नाही आधी, म्हणाला शूर नसेल तर कोण जाणार. मामाने सुई खाली ठेवली (हे फार क्वचित होतं) आणि म्हणाला, वाच परत, सगळा वाच. त्याने वाचलं. मग मामा बोटं मोजत, "बोट माझी, डिझेल माझा, जीव माझो, अपघात झालो तर तू जबाबदार नाय. मगे खात्याचा काय? लग्नपत्रिका?"

मला हसू आवरेना. मामा गेली तीस-पस्तीस वर्षं तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, आहे, आधी दुसऱ्याच्या बोटीवर, मग स्वतःची घेतली, मग कर्जात ती गेली, आता परत दुसऱ्याच्या बोटीवर. त्यामुळे कुठलाही कागद दिसला की तो पहिल्यांदा बघतो खर्च कोणाच्या डोक्यावर आहे. आणि खरं सांगू का, मी कॉलेजपासून एवढ्या विज्ञानकथा वाचल्यात, गेममध्ये यानं चालवत रात्री घालवल्यात, पण डिझेल कोणाचं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हिरो बसतो आणि निघतो. टाकी कोणी भरली?

थोरला हुशार, तो म्हणाला पगार भरपूर लिहिलाय की. मामा म्हणाला, मासो नाय गावलो तर?

यांच्याकडे हिशोब असा चालतो की खेप आली की विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा, मग जे उरेल त्याचे वाटे. बोटीचे, जाळ्याचे, तांडेलाचा मोठा, खलाशांचे सारखे. उरलं तर. खेप रिकामी आली तर वाटा शून्य आणि डिझेलची उधारी पुढच्या खेपेच्या बोकांडी. मामाने स्वतःची बोट कशी घालवली ते याच वाक्यात आहे, वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं मामा, खरं तर हल्ली खरोखरचं अंतराळ पण असंच चाललंय. नासाने २०१८ पासून चंद्रावर सामान न्यायला खाजगी कंपन्यांची याने भाड्याने घ्यायला सुरुवात केली, ठरलेले पैसे, खर्च वाढला तर कंपनीचं नुकसान. २०२४ च्या जानेवारीत एक यान निघालं, पेरेग्रिन, त्याला इंधनाची गळती लागली आणि ते चंद्रापर्यंत पोचलंच नाही. पुढच्या महिन्यात ओडिसियस पोचलं, पण उतरताना आडवं झालं. मामाने हे सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, आडव्याचे पैसे दिल्यानी? मी म्हटलं, उतरलं ना, आणि आडव्यातून माहिती पण आली. "मगे बरा," म्हणाला. जणू त्याच्याच ओळखीतल्या कोणाची बोट होती.

(मध्येच एक. चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनचा प्रवासभत्त्याचा कागद आहे, त्याने स्वतःच लोकांना दाखवलेला. ह्यूस्टनहून केप केनेडी, तिथून चंद्र, तिथून प्रशांत महासागर, मग हवाई आणि परत ह्यूस्टन. एकूण ३३ डॉलर ३१ सेंट. राहणं-जेवण सरकारी होतं म्हणून एवढेच. कुठल्याही ऑफिसातला अकाउंट्सवाला हे वाचून समाधानाने मान हलवेल.)

आणि ती 'शूर' वाली जाहिरात म्हणजे थोरल्याने नकळत एका जुन्या गोष्टीची कॉपी मारली होती. शॅकलटन नावाच्या शोधकाने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी पेपरात दिली म्हणून एक जाहिरात फिरत असते, धोक्याचा प्रवास, पगार थोडा, थंडी भयंकर, परत येण्याची खात्री नाही वगैरे. मोटिव्हेशनवाले तर ती स्लाईडवर टाकल्याशिवाय पाणी पीत नाहीत. गंमत म्हणजे लोकांनी जुने पेपर पालथे घातले तरी ती मूळ जाहिरात आजवर कोणाला सापडलेली नाही. मामाला मी हे सांगितलं तर म्हणाला, असतली कशी, तसा वाचून कोण जायत? त्याच्या मते ज्याला घरी परत यायचं नाही त्याच्या हातात सुकाणू देणं हा मूर्खपणा आहे, कारण बोटीवर बाकीचे पण असतात.

तर मग दुसऱ्या दिवशी करार लिहायला बसलो. लाईट आली होती तरी! पोरं मोबाईल सोडून बसली, त्यांच्या आईने येऊन कपाळाला हात लावून बघितलं की ताप आहे का. फणसाच्या आठळा उकडल्या होत्या, त्या सोलत सोलत कलमं पडत होती. शूर खोडलं. डिझेल, म्हणजे इंधन, अर्धं खात्याने आगाऊ द्यायचं. टाकीचा नियम मामाचा: तीन भाग करायचे, एक जायला, एक यायला आणि एक देवाचा. देवाच्या भागाला हात लावला की त्या तांडेलाला परत कामावर घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा ग्रह घेऊन येवो. थोरला यावर फार कुरकुरला.

अपघाताला खातं जबाबदार नाही हे कलम मी उडवलं. म्हटलं १९६७ चा अंतराळ करार आहे, त्यात स्पष्ट आहे, खाजगी माणसाने अंतराळात काही केलं तरी जबाबदारी त्याच्या देशाची, त्याला परवानगी द्यायची आणि लक्ष ठेवायचं काम सरकारचं. आणि अंतराळवीर संकटात सापडले तर शक्य ती मदत करायची, यासाठी १९६८ चा वेगळा करार आहे. मामा म्हणाला करार राहू दे, हाक मारली तर किती वेळात येतील ते सांग. समुद्रात व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसच्या, सोळा नंबर चॅनलवर हाक मारली की आसपासची बोट ऐकते, गावाशी भांडण असलेली असली तरी येते. मी म्हटलं, साडेसहा प्रकाशवर्षांवरून हाक मारलीस तर ती इथे पोचायलाच साडेसहा वर्षं. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बोट परत इली तरच बातमी." हो, तसंच. यान उडी मारतं, रेडिओ मारत नाही, म्हणजे जुन्या काळासारखं, जहाजच चिठ्ठी आणणार. धाकटीने लगेच विचारलं की यान आलं नाही तर तिथे काय होतं ते कोणालाच कळणार नाही? थोरला म्हणाला, खात्याच्या दप्तरात 'बेपत्ता' लिहायचं. मामाने जाळं उचललं आणि आत गेला. त्या दिवशी करार तेवढाच झाला.

पुढचं भांडण मोठं. नकाशा कोणाचा?

थोरल्याचं म्हणणं, सगळी माहिती खात्याकडे जमा, त्यासाठीच तर पैसे. बदल्यात ताऱ्याला पायलटचं नाव. आणि ग्रह सापडला तर पायलटच्या मालकीचा. मी परत १९६७ काढला, कुठल्याही देशाला ग्रहावर मालकी सांगता येत नाही, ते कलम पण बाद. नावाचं ऐकून मामा हसला. नाव कशाला, नाव दिलं की जागा गेली. "नवीन जागा दाखवली की तिसऱ्या दिवशी थंय वीस बोटी. माका काय, तारो माझ्या नावाचो म्हणून बघत बसू?"

नावाचं खरंच काही खरं नसतं पण. आमच्याकडे विजयदुर्गाला जाल तर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथून लॉकियर साहेबाने हेलियम शोधला म्हणून, दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम पण होतो. मला पण लहानपणी हेच सांगितलेलं आणि मी शाळेत छाती फुगवून सांगायचो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की या शोधाचं श्रेय ज्याला लॉकियरसोबत देतात तो फ्रेंच ज्युल्स जान्सेन त्या ग्रहणाच्या दिवशी होता आंध्रातल्या गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा बघितली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवाय. म्हणजे सूर्यावरचं मूलद्रव्य, शोधाचं श्रेय दोन साहेबांत वाटलेलं, आणि ओटे आमच्याकडे. मी हे मामाला एकदा सांगितलेलं तर तो म्हणाला गावात बोलू नको. बोललो नाही. इथे लिहितोय, गावातलं कोणी वाचत असेल तर माझं आजोळ कुठलं गाव ते मी सांगितलेलं नाही.

तर नकाशा. मामाने उठून आतून वही आणली. मी ती आयुष्यात दोनदा बघितली असेन. शंभर पानी, पुठ्ठ्याला प्लास्टिकचं कव्हर, कव्हरला आतून मिठाचा पांढरा थर, पानं कडेला फुगलेली. प्रत्येक ओळीत अक्षांश-रेखांश, खोली वावांत, २२ वाव, ३१ वाव, आणि पुढे एकच शब्द. 'म्हैस'. 'आत्ये'. 'पोस्टमन'. एका ठिकाणी नुसतं 'राग'. जुन्या पानांवर जीपीएसच्या आधीच्या खुणा आहेत, की देवळाचा कळस अमुक डोंगराच्या खिंडीत आला आणि माडांची रांग एक झाली की जाळं सोड. खलाशांपैकी कोणाला ही वही वाचता येत नाही असं नाही, सगळ्यांना येते. पण म्हैस म्हणजे काय ते फक्त मामाला ठाऊक.

आणि आकडे खोटे. हे त्याने आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, मामीलाही माहिती नव्हतं. मासे मिळतात त्या जागांचा शेवटचा आकडा तो तीनने वाढवून लिहितो. (तीन नाही, दुसरा आकडा आहे. मामाच्या पोटावर पाय कशाला आणू.) वही चोरीला गेली तरी चोर थोडा बाजूला जाऊन जाळं टाकणार, आणि समुद्रात थोडं बाजूला म्हणजे गेलंच.

धाकटी वहीत तोंड घालून बसलेली. तिने विचारलं, "आजो, ह्या फुली मारलेल्या पण खोट्या?"

"नाय. त्ये खडक. त्ये खरे."

म्हणजे जिथे जाळं फाटतं, बोट घासते, त्या जागा बरोब्बर लिहिलेल्या, वर वायरलेसवरून सगळ्यांना ओरडून सांगितलेल्या पण. खडक लपवला तर पाप लागतं, म्हणाला, मासो लपवलो तर काय नाय.

थोरल्याला हे अजिबात पटलं नाही. तो म्हणाला मग कोणाला काही कळणारच नाही, पुढे शोध कसा लागणार. आणि मला खरं सांगायचं तर दोघांचंही पटत होतं, आय मीन मी स्वतः ओपन सोर्सवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या सॉफ्टवेअरवर, पोट भरतो. पण पुस्तकातले सगळे शोधक आठवून बघा. वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला, त्याला मालिंदीहून अरबी समुद्र ओलांडून आणणारा एक पायलट होता. त्याचं नाव काय यावर इतिहासवाले अजून भांडतायत, कोणी अरब म्हणतं, कोणी गुजराती. वाट ज्याला माहिती होती त्याचं नाव गेलं आणि जो मागे बसून आला त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात. आता त्या माणसाने शेवटचा आकडा तीनने वाढवून सांगितला असता तर? असो. पोर्तुगीजांचा विषय कोकणात काढला की संपत नाही.

शेवटी तडजोड झाली. रिकामी जागा सापडली तरी खात्याने पैसे द्यायचे, पूर्ण नाही, अर्धे. यावर थोरला अडून बसलेला, काही नाही त्याचे कसले पैसे? मामाचं उत्तर असं, "थंय कायएक नाय ह्या कळाक पण कोणीतरी जावचा लागता." आणि सापडलेल्या चांगल्या जागेचा नंबर परत आल्यावर खात्याला लेखी द्यायचा. एवढं मामाने मान्य केलं. जरा लवकरच मान्य केलं, आता वाटतं.

मोहीम चालली चार संध्याकाळी. मामा तांडेल, धाकटी खलाशी, तिच्याकडे पावडरच्या रिकाम्या डबीत उघडलेल्या चिठ्ठ्या जमा. थोरला खात्यात, म्हणजे पलंगावर, कारण मोहीम चालू असताना त्याला बातमी कळता कामा नये. मी विश्व, ओटीच्या पायरीवर, आणि १०० चिठ्ठ्या लिहून मलाच आठवत नव्हतं कशात काय घातलंय. पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात मामाचा नंबर ऐकू येईना.

पहिल्या खेपेला पाच चौकोन, पाचही रिकामे. दुसऱ्या खेपेला एक तपकिरी बटू, एक एकटाच भटका ग्रह (असे खरंच असतात, ताऱ्याशिवाय, अंधारात फिरणारे), बाकी रिकामं. तिसऱ्या खेपेला इंधनाचा जायचा भाग संपला, समोर एक चौकोन, धाकटी म्हणाली आजो अजून एक, एकच, मी पण म्हटलं अरे मामा खेळ आहे, घे. मामाने ऐकलं नाही. वळला. खेळातल्या, कागदावरच्या, नसलेल्या यानाची नसलेली टाकी, पण चेहरा असा की वारा फिरलाय आणि काठ लांब आहे. धाकटी रुसून खलाशीपद सोडायला निघाली होती, तिला वाट्यात चार काजू जास्त द्यावे लागले. पगार काजूत होता, भाजलेल्या.

चौथ्या खेपेला पाणी सापडलं. चिठ्ठी मी लिहिलेली, 'खडकाळ ग्रह, समुद्र, ढग'. सगळ्या शंभरात असली एकच होती. मामाने चिठ्ठी उघडली, कंदिलाजवळ धरून वाचली (लाईट परत गेलेली), घडी घालून धाकटीकडे दिली, आणि तोंडावर एक रेघ हलली नाही. आल्यावर खात्यात लेखी अहवाल दिला, थोरल्याने उड्या मारल्या, भिंतीवरच्या नकाशात ४७ नंबरच्या चौकोनात निळा रंग भरला, मामाला पूर्ण पगार, ३० काजू. मामाने त्यातले अर्धे डिझेलचे म्हणून बाजूला काढून खात्याला परत केले. सवय.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला आलो. परवा १ ऑगस्टला पहाटे बोट गेली, मामेभावाने व्हिडिओ पाठवला, नारळ, हार, इंजिनाचा धूर, मामा मागे सुकाणूवर, कॅमेऱ्याकडे बघत पण नाही.

काल रात्री फोन केला तर आधी थोरला बोलला. तो आता स्वतः पायलट झालाय, खात्याला परवडत नाही म्हणून. ४७ ला जाऊन आला म्हणे. चिठ्ठी उघडली तर 'काही नाही'. त्याने सगळा विचार केला, तारा तापला असणार, पाणी उडून गेलं असणार, आणि नकाशात तसं लिहून पण टाकलंय, 'पाणी होते, आता आटले'. मला विचारत होता की एवढ्यात आटू शकतं का. मी म्हटलं बघतो, वाचून सांगतो.

मग फोन धाकटीने घेतला. ती फोन घेऊन विहिरीकडे गेली असावी, कारण बेडूक ओरडत होते.

"काका, डबीतली चिठ्ठी ४४ ची आसा."

मी गप्प.

"रिकामे सगळे बरोबर लिवल्यान. मी एक एक बघितलंय. पाण्याचा तेवढा..." आणि हसायला लागली, "मी दादाक सांगूक नाय हां."